पार्किंगमधला मुकुट

“पार्किंगला जागा मिळाली की प्रवेश मिळाला, असलं कॉलेज ते,” लोरेन म्हणाली आणि उरलेल्या गोड पावाच्या फोडी डब्यात कोंबायला लागली. म्हणजे तिच्या बाजूने विषय संपला.

विषय संपला नव्हता. विषय कॉफीच्या भल्यामोठ्या भांड्याला टेकून तिच्यासमोर उभा होता आणि त्याचं नाव होतं इल्डा. लोरेनची नणंद, वय चव्वेचाळीस. उद्या संध्याकाळी त्याच पार्किंगवाल्या कॉलेजच्या मैदानावर झगा आणि चौकोनी टोपी घालून तिला माहिती तंत्रज्ञानाची पदवी मिळणार होती.

झालं एवढंच होतं. गुरुवारची जपमाळ संपली होती, शेजारीपाजारी कॉफी पिऊन, पाव खाऊन, वर दोन फोडी रुमालात बांधून आपापल्या गाड्यांत बसले होते, आणि लोरेनने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच शुक्रवारची कामं वाटायला घेतली होती. फुलं मी बदलेन, खुर्च्या गिल मांडेल, माळेची सुरुवात झुल्मिरा आत्या करतील आणि कॉफी इल्डा. कॉफी कायम इल्डाच. तेव्हा इल्डा म्हणाली, “उद्या मी नाहीये. उद्या सातला माझं पदवीदान आहे.” आणि म्हणाली तेही अशा आवाजात, जसं कोणी सांगतं की उद्या दाढ काढायला जायचंय.

आता घरात मुकुट असताना असं काही बोलायचं म्हणजे कमालच. ईस्टरनंतरचे सात आठवडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात घरी मुक्कामाला जातो. कोणाच्या घरी ते ठरतं गावकीच्या हॉलमधल्या डब्यातून चिठ्ठी काढून. ज्याच्याकडे मुकुट, त्याच्याकडे रोज संध्याकाळी सातला माळ, घरच्यांनी एकूण एक हजर राहायचं, आणि मुकुटाला घडीभरही एकटं सोडायचं नाही. म्हातारे-कोतारे पोर्तुगीज बेटांवरून बोटीत बसून कॅलिफोर्नियात आले तेव्हा दोन गोधड्या आणि हा नियम एवढंच घेऊन आले होते. त्यातून शेवटचा आठवडा सगळ्यात मानाचा, कारण रविवारची मिरवणूक त्याच घरून निघते. यंदा तो बोर्बांकडे, म्हणजे या घरी, आला होता, आणि लोरेनने दिवाणखान्यात काय उभं केलं होतं म्हणता. पांढऱ्या सॅटिनच्या सात पायऱ्या, प्लास्टिकची कबुतरं आणि बॅटरीवर लुकलुकणारे इतके दिवे की एखाद्या विमानाने धावपट्टी समजून खाली यावं. सगळ्यात वर मुकुट. बिचारा.

“पदवीदान,” गिल म्हणाला. गिल म्हणजे इल्डाचा थोरला भाऊ. घरची डेअरी तोच चालवायचा, आणि पुढच्या वर्षी त्याला हॉलचं अध्यक्ष व्हायचं होतं, म्हणून सध्या गावात सगळ्यांशी इतकं गोड बोलायचा की घरच्यांसाठी काही शिल्लकच राहायचं नाही. “माळ सोडून जाणार? गाव काय म्हणेल?”

“गाव कॉफी पिईल. भांड्याला तोटी आहे, गिल. फिरवली की येते.”

“दोन वर्षांची पदवी सहा वर्षांत घेतलीस,” लोरेन म्हणाली, “मग आता एका संध्याकाळसाठी एवढी घाई? पोस्टाने पाठवतात की ते.”

“मी तर माझ्या पदवीदानाला गेलोच नव्हतो,” फ्रिजच्या दारामागून आवाज आला. हा डेरेक, गिल-लोरेनचा मुलगा. समुद्रकाठच्या मोठ्या विद्यापीठात चार वर्षं राहून ‘संवाद’ नावाचा विषय शिकून आला होता, आणि आल्यापासून आईबापाशी त्याचा संवाद म्हणजे ‘खायला काय आहे’ एवढाच. “आणि इल्डा आत्या, राग नको मानूस, पण आता हे सगळं यंत्रच करतंय. दोन वर्षांनी तुझी पदवी म्हणजे टायपिंगचं सर्टिफिकेट.”

“बरं. मग यापुढे तुझा फोन संडासात पडला की यंत्राकडे ने.”

गिल फसकन हसला. लोरेनने नुसतं बघितलं, तर त्याने ते हसू कॉफीत बुडवलं.

एक सांगायलाच हवं. बोर्बा खानदानात माहिती तंत्रज्ञान म्हणजे प्रिंटर. कोणाचाही प्रिंटर रुसला की इल्डाला फोन. सगळ्यांचे पासवर्ड तिला पाठ, आणि सगळ्यांचा पासवर्ड कुठल्या ना कुठल्या गाईचं नाव. गिलने तर बँकेला आणि चर्चच्या वर्गणीला एकच गाय लावलेली, आणि ती गाय मरून जमाना झालेला. सहा वर्षं इल्डा दिवसा डेअरीच्या ऑफिसात बसायची आणि संध्याकाळी हायवे नव्व्याण्णववरून कॉलेजात जायची, आणि घरच्यांना वाटायचं की ती तिथे प्रिंटरवरच काहीतरी वरच्या दर्जाचं शिकतेय. नेटवर्कच्या पत्त्यांची वाटणी कशी करायची या पेपरात ती पहिल्यांदा सपशेल नापास झाली, तेव्हा लोरेनने हॉलच्या स्वयंपाकघरात ही बातमी अशी वाढली जशी सणाच्या जेवणात कोबी वाढतात, प्रत्येकाच्या ताटात. दुसऱ्यांदा ती वर्गात पहिली आली. ती बातमी कोणी वाढली नाही.

आणि आता शाळांच्या जिल्हा कार्यालयात तिने उमेदवारीचे तीन महिने काढले होते. छताच्या पट्ट्या सरकवून केबली ओढल्या होत्या, प्रोजेक्टर बिघडला म्हणून रडणाऱ्या मास्तरांना त्यांचीच वायर दाखवली होती, आणि त्या लोकांनी तिला जुलैपासून ये म्हणून सांगितलं होतं.

“खरं बोल ना, गिल,” ती म्हणाली. “तुला उद्याच्या माळेची काळजी नाहीये. तुला जुलैची काळजी आहे. गाईंच्या कानातले बिल्ले वाचणारं ते डबडं बंद पडलं की कोणाला ओरडायचं, ही काळजी आहे.”

“मला कसली काळजी? डेरेक बघेल.”

डेरेकने फ्रिजचं दार आणखी थोडं उघडलं आणि त्यामागे आणखी थोडा गेला.

“माझं नाव कशाला मधे?” आतून आवाज आला. “मी गोठ्यात काम करणार नाही हे आपलं ठरलंय. मम्मा, ठरलंय ना?”

“ठरलंय रे राजा,” लोरेन म्हणाली.

“कधी ठरलं?” गिल म्हणाला. “कोणात ठरलं?”

पाच मिनिटं मग गिल आणि लोरेन एकमेकांवर घसरले, आणि इल्डाला वाटलं, चला, हे दोघं आपापसांत लागलेत तोवर आपण कामाचं बोलून घेऊ. कारण तिला खरं तर या कोणाचीच गरज नव्हती. लोरेन आली नाही तर उलट जागा मोकळी. तिला एकच माणूस तिथे हवा होता, आणि तो टेबलाच्या टोकाला बसून पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होता, गुडघ्यावर टोपी ठेवून, कोणाकडेही न बघता.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुम्ही याल?”

सेराफिम बोर्बाने भिजलेला तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. ऐंशीला आलेला माणूस, पण बोलायच्या आधी समोरच्याला ताटकळत ठेवायचा की बास.

“मुकुट घरात असताना?”

“एक संध्याकाळ, पप्पा.”

“आणि तिथे बघायचं काय? बटणं दाबायला शिकलीस. बटणं मीही दाबतो. दूध काढायचं मशिन बटणावरच चालतं, मला कोणी टोपी घातली नाही.”

लोरेन इतकी हसली की तिला डबा खाली ठेवावा लागला. गिल हसला, डेरेक हसला, आणि इल्डाही थोडी हसली, कारण असल्या वेळी हसायची तिला जुनी सवय होती.

कधीपासूनची, ते तिला नीट आठवत होतं. अठराव्या वर्षी याच कॉलेजात ती आधी एकदा गेली होती. पहिलंच सत्र, संगणकाची ओळख नावाचा तास, ते मळकट पांढरे जाडजूड मॉनिटर, आणि खिडकीबाहेर अचानक हॉर्न. एकदा नाही, दोनदा नाही, कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलंय असा. मास्तर खिडकीशी गेले आणि म्हणाले, हा कोण वेडा आलाय? सगळा वर्ग हसला. इल्डाही हसली. मग तिने बघितलं तर पार्किंगच्या मधोमध, दोन गाड्यांची वाट अडवून, शेणाने माखलेला घरचा निळा पिकअप उभा. दूध काढणारा माणूस काम टाकून पळाला होता. पप्पांनी ना खाली उतरायचे कष्ट घेतले, ना आत येऊन विचारायचे, नुसता हॉर्न. तिने दप्तर उचललं ते उचललंच, परत त्या वर्गात नेलं नाही. त्या वेळी गिल मोठ्या विद्यापीठात होता, चार वर्षांच्या. तिथे जाऊन कोणी हॉर्न वाजवला नाही. लांब होतं ना.

म्हणून आता तिला पप्पा त्याच पार्किंगमधे परत हवे होते. गाडी नीट पट्ट्यांच्या आत लावून, खाली उतरून, आत येऊन बसलेले. टाळ्या नाही वाजवल्या तरी चाललं असतं.

“ऐकलंस ना?” लोरेन म्हणाली. “पप्पांचा शब्द शेवटचा. कॉफी साडेसहाला लाव.”

“आणि मुकुटाला पाठ दाखवून टोपी घालायला जाणार म्हणे,” दाराजवळच्या आरामखुर्चीतून झुल्मिरा आत्या म्हणाल्या. या सेराफिमच्या थोरल्या बहीण. मुकुटावर पहारा म्हणून पाय स्टुलावर टाकून बसायच्या आणि पहारा देता देता घोरायच्या, पण रीतीरिवाजाचा विषय निघाला की झोपेतूनही उत्तर यायचं. “डोक्यावर काय शोभतं याची अक्कल आहे का पोरीला? तुझी आई असती तर लाटणं घेतलं असतं.”

“झालं,” गिल म्हणाला. आत्या आपल्या बाजूने आल्यावर त्याला एकदम अध्यक्ष झाल्यासारखं वाटलं असावं, कारण त्याने दोन्ही अंगठे पट्ट्यात खोचले. “हे बघ इल्डा, मुकुट माझ्या घरी आलाय. मान माझ्या घराला मिळालाय. तो इथे आहे तोवर माझ्या घरचे नियम. पटत नसेल तर...”

“कोणाच्या नावाने आलाय?” इल्डाने विचारलं.

“काय?”

“मुकुट. चिठ्ठी कोणाची निघाली?”

फ्रिजचं दार बंद झालं. डेरेकला सुद्धा ऐकायचं होतं.

ते असं झालं होतं. हॉलचा नियम म्हणजे एका घराची एक चिठ्ठी. गिलला शेवटचा आठवडा इतका हवा होता की त्याने डब्यात स्वतःची टाकली, शिवाय म्हाताऱ्याची टाकली, का तर तो पलीकडच्या घरात राहतो, आत्यांची टाकली, का तर त्यांना वेगळं दार आहे, डेरेकची टाकली, का तर तो गॅरेजच्या वर झोपतो, आणि मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या इल्डाचीही टाकली. कुत्र्याचा बाप्तिस्मा झाला असता तर त्याचीही गेली असती. आणि अख्ख्या हॉलसमोर अध्यक्षांनी शेवटची चिठ्ठी उघडून वाचलं, ‘इल्डा बोर्बा’. इल्डा तेव्हा मागे कॉफी ओतत होती. तिने भांडं खाली ठेवेपर्यंत गिल उठून, हात वर करून, अर्ध्या हॉलशी हस्तांदोलन करून मोकळा झाला होता. लोकांनीही काही म्हटलं नाही. बोर्बा म्हणजे बोर्बा.

“अगं ती नुसती चिठ्ठी,” गिल म्हणाला.

आरामखुर्ची कुरकुरली. झुल्मिरा आत्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतले, एक, मग दुसरा.

“नुसती?” त्या म्हणाल्या. “नुसती काय, गिलबेर्तो?”

“आत्या, म्हणजे मला म्हणायचं होतं...”

“पवित्र आत्मा डब्यातून नाव काढतो. मी लहान असल्यापासून ऐकत आले. आता तू सांगतोस नुसती चिठ्ठी. मग मला एवढंच सांग, पवित्र आत्म्याने इल्डाला निवडलं की तू डबा भरून ठेवला होतास? दोन्हीतलं एकच खरं. पहिलं खरं असेल तर मुकुट तिचा. दुसरं खरं असेल तर मी उद्या अध्यक्षांना फोन करते.”

गिलने लोरेनकडे बघितलं. लोरेन सॅटिनच्या पायऱ्यांकडे बघत होती. एवढं इस्त्री केलेलं सॅटिन, एवढी कबुतरं, आणि यजमानीण कोण, तर मागच्या अंगणातली.

“आत्या, तुम्ही आत्ता तर हिलाच बोलत होतात,” लोरेन म्हणाली.

“आत्ता ती पाहुणी होती. पाहुणीने उठून जाणं वाईट. यजमानिणीची गोष्ट वेगळी.”

“पण यजमानिणीने तर घरी थांबायलाच हवं,” लोरेन म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला, कारण हा मुद्दा खरोखर चांगला होता. “मुकुट जिथे, यजमान तिथे. तुम्हीच सांगता नेहमी.”

बाईने बरोब्बर पकडलं होतं. जिंकता जिंकता ती स्वतःच्याच चिठ्ठीत अडकली होती.

“मुकुट जिथे, यजमान तिथे,” म्हातारी म्हणाली. “बरोबर आहे. मग मुकुट न्या तिकडे.”

“कुठे?”

“त्या पार्किंगवाल्या कॉलेजात.”

गिल खुर्चीत बसला. “मुकुट? फुटबॉलच्या मैदानावर?”

“माझ्या आज्याने मुकुट लाव्ह्यापुढे नेला होता,” आत्या म्हणाल्या. “डोंगर फुटला, आग गावावर चालून आली, तेव्हा मुकुट घरात सॅटिनवर ठेवून कॉफी पीत बसले नव्हते ते. उचलला आणि आगीसमोर जाऊन उभे राहिले, माळ म्हणत. आजाऱ्याच्या घरी नेतात, तुरुंगात नेतात. तुमचं कॉलेज काय तुरुंगाहून वाईट आहे? लोरेन, तुझ्या सांगण्यावरून तर तसंच वाटतं.”

“पण गाव इथे येईल सातला,” लोरेन म्हणाली.

“गावाला तिकडे बोलवा. पार्किंग मोठं आहे म्हणतेस ना.”

आता सगळ्यांनी सेराफिमकडे बघितलं, कारण तेवढं एक नाणं अजून हवेत होतं. म्हाताऱ्याने कपातला शेवटचा घोट घेतला, तळाशी उरलेला पावाचा लगदा बोटाने काढून खाल्ला, टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला.

“गाई बघून येतो,” तो म्हणाला.

गाई केव्हाच्या पिळून झाल्या होत्या. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. दार लागलं, आणि इल्डा त्या दाराकडे बघत राहिली, आणि लोरेनने डबा उचलून झाकण असं दाबलं की टक् आवाज आला.

“उत्तर मिळालं,” लोरेन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पदवीवाल्यांना लवकर बोलावलं होतं, म्हणून कोण निघालं, कोण नाही, हे इल्डाला कळायचा मार्गच नव्हता. तिने मुद्दाम कोणाला फोनही केला नाही. मेमधलं ऊन, अंगात काळा झगा, तोही असल्या कापडाचा की आतल्या आत माणूस उकडून निघावा, आणि टोपी अशी की मान हलवली की घसरणार. रांगेत तिच्या मागे होता ब्रिग्ज. हा आधी टोमॅटोचे ट्रक चालवायचा, पाठ गेली म्हणून संगणकाकडे आला होता, आणि सहाही वर्षं दर पेपरच्या आधी ‘मी उद्यापासून येत नाही’ म्हणायचा.

“तुझं कोण आलंय?” त्याने विचारलं.

“बघते.”

तिने बघितलं. पायऱ्या पायऱ्यांच्या बाकांवर माणसं खच्चून भरलेली, फुगे, फुलांचे हार, आज्या, तान्ही बाळं, कोणीतरी आपल्या मुलीच्या चेहऱ्याएवढा चेहरा पुठ्ठ्यावर छापून काठीला लावून आणलेला. एका माणसाचं पदवीदान आणि पंधरा जण बघायला, अशी सगळी घरं. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, मग उलटं बघितलं. पप्पांची पांढरी गवताची टोपी कुठेच नाही. एकही बोर्बा नाही.

“उन्हामुळे दिसत नाही,” ती म्हणाली.

“हो, ऊन फार आहे,” ब्रिग्ज म्हणाला. शहाणा माणूस.

भाषणं झाली. पाहुण्यांनी सांगितलं की आजचा दिवस म्हणजे शेवट नाही, सुरुवात आहे, आणि मग त्या सुरुवातीचा शेवट करायला त्यांना अर्धा तास लागला. इल्डाला वाटलं, लोरेनचं बरोबर होतं की काय. पोस्टाने घेतलं असतं तर बरं झालं असतं. टपालपेटीसमोर निदान बाकं रिकामी दिसत नाहीत.

रांग सरकायला लागली. ती मंचाच्या पायऱ्या चढली, खाली बघत, झग्यात पाय अडकू नये म्हणून.

“इल्डा बोर्बा,” भोंग्यातून आवाज आला.

आणि हॉर्न वाजला.

कुंपणापलीकडून, पार्किंगमधून. एकदा नाही, दोनदा नाही. कोणीतरी हॉर्नवर बसलंय असा. इल्डाचे पाय जागच्या जागी थांबले आणि, देवाशपथ, तिच्या हाताने दप्तर शोधलं. सव्वीस वर्षं झाली होती आणि हात अजून दप्तर शोधत होता. मंचावरचे साहेब हातात पदवीची गुंडाळी धरून, दात दाखवत तिची वाट बघत उभे. सगळ्या बाकांनी माना वळवल्या. हॉर्न चालूच. मागे भोंग्यात ब्रिग्जचं नाव बुडालं, मग बुस्तामांते नावाच्या पोराचं बुडालं, मग चा आडनावाच्या मुलीचं, तिची आई तर कुंपणाकडे बघून हातवारे करायला लागली. तोवर इल्डा पुढे गेली होती, गुंडाळी घेतली होती, आणि टोपी घसरून कानावर आली होती ती तिने सरळही केली नाही. चावेझच्या नावाला हॉर्न थांबला.

कार्यक्रम संपल्यावर ती झगा वर धरून जवळजवळ धावतच पार्किंगमधे आली. आणि तिथे काय होतं म्हणता.

निळा पिकअप कुंपणाला नाक लावून उभा, दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे. त्याच्याभोवती हॉलच्या घडीच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर अर्धं गाव, माळा हातात घेऊन. पिकअपच्या मागच्या फळीवर कॉफीचं भांडं, आणि तोटीपाशी खुद्द गिल, बाह्या वर करून, प्रत्येकाला कप देऊन ‘साखर घ्या, साखर घ्या’ करत, कारण गाव आलंय म्हटल्यावर भावी अध्यक्षाला दुसरा इलाज नव्हता. डेरेक कप गोळा करत होता, चेहरा असा की चार वर्षं वाया गेली ती आता कुठे त्याला कळत होती.

“आत का नाही आलात?” इल्डाने विचारलं.

“दारावरचा पोरगा म्हणाला, आत पारदर्शक पिशव्याच नेता येतात,” झुल्मिरा आत्या पिकअपच्या खिडकीतून म्हणाल्या. मांडीवर मुकुट, त्याखाली लोरेनचं सॅटिन. “मी म्हटलं, मुकुट पारदर्शक नाही, बाळा, पण तू फारच आहेस. मग इथेच बसलो. इथून भोंगा छान ऐकू येतो. माळेच्या चौथ्या भागात तुझं नाव आलं. माळ मोडली, पण मी देवाशी बोलले.”

“आणि लोरेन?”

“ती येतेय.”

लोरेन खरंच येत होती. लांबून, कालव्याच्या पलीकडून, उंच टाचांचे बूट हातात घेऊन. जागाच मिळाली नव्हती तिला. पार्किंगला सात का आठ चकरा मारल्या, आणि प्रत्येक चकरेला पिकअपजवळून जाताना आत्यांनी तिला मुकुटानिशी हात केला. शेवटी गाडी बदामाच्या बागेजवळ लावून ती चालत निघाली, आणि येईपर्यंत पदवीदानही संपलं आणि माळही.

“जागाच नाही कुठे,” ती धापा टाकत म्हणाली.

“म्हणजे प्रवेश नाही,” आत्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी प्रयत्न कर.”

इल्डा पलीकडच्या बाजूने गेली. पप्पा चाकामागे बसले होते, टोपी डोक्यावर, दोन्ही हात चाकावर, गाडी चालू असल्यासारखे समोर बघत. कुंपणाच्या जाळीतून तिथून मंच सरळ दिसत होता. बाकांवरूनही एवढा चांगला दिसला नसता.

“हॉर्न कशाला वाजवलात?”

“कोपर लागलं.”

“चार नावं होईपर्यंत?”

“म्हातारं कोपर आहे. उचलायला वेळ लागतो.”

ती खिडकीच्या काठावर गुंडाळी ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “मागच्या वेळीही कोपरच लागलं होतं का?”

म्हाताऱ्याने ताटकळत ठेवलं, नेहमीसारखं. मागे गिल कोणाला तरी साखर घ्या म्हणत होता. मग सेराफिमने एक हात चाकावरून काढला, तळवा वर करून त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, जसं काही ते अवजार कुणा दुसऱ्याचं आहे.

“नाही,” तो म्हणाला. “तेव्हा हातानेच वाजवला होता.”

“ए, पोरी,” पलीकडून आत्या म्हणाल्या, “ती टोपी काढ आणि ये इकडे. मुकुट धर जरा. तुझा आहे तो, माझ्या मांड्या सुन्न झाल्या.”

इल्डाने टोपी काढली आणि खिडकीतून पप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, गोंडा ओढून बघितला, गवताची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दुसरीकडे बघत, आरशात न बघता, ती चौकोनी टोपी डोक्यावर घातली.